कथलाच्या पेढीवरची मडकी

कथलाच्या व्यापारात हयात घालवलेला एक वृद्ध शेट एकदा आपल्याच पेढीच्या पायरीवर मडकी विकायला बसला, आणि सारा बाजार हसला.

काळ शिडाच्या जहाजांचा आणि गाव खाडीकाठचे. तिथे कथील येई ते पूर्वेकडच्या बेटांवरून. जहाजातला माल या वृद्ध शेटांच्या, म्हणजे तातशेटांच्या, पेढीत उतरे. तिथून कल्हईवाले तो उचलत आणि भाता, नवसागर, कोळसा पाठीवर टाकून दारोदार फिरत. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा लेप नसेल तर त्यातले आंबट कळकते, कढीला हिरवट झाक येते आणि ती खाणारा ओकून ओकून हैराण होतो. म्हणजे समुद्रापलीकडे कोणीतरी खणलेला धातू शेवटी इथल्या बाईच्या पातेल्याच्या बुडाशी येऊन थांबत असे. एवढी लांबलचक वाट आपल्या जेवणाआड उभी आहे, याचे भान कोणालाच नव्हते. वाट सुरळीत चालू असते तोवर ती दिसत नाही.

तातशेटांना मूलबाळ नव्हते. विश्राम नावाचा तरुण त्यांच्या हाताखाली व्यापार शिकून तयार झाला होता. हुशार होता, गणितात पक्का होता, आणि हे सगळे आपल्याला माहीत असल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसत असे. त्या वर्षी तातशेटांनी भर बाजारात सांगून टाकले होते, “यंदाची लग्नसराई विश्राम सांभाळील. मालावाचून कोणाची चूल अडली नाही, तर पेढीची किल्ली त्याची.”

नेमके त्याच वर्षी पूर्वेकडच्या दोन राजांची जुंपली. ज्या चिंचोळ्या समुद्रातून जहाजे येत, तिथे दोघांनीही आपापली लढाऊ गलबते उभी केली. भांडण कशावरून होते हे बंदरात कोणालाच सांगता आले नाही. माल येणे बंद झाले, एवढे मात्र सर्वांना समजले.

विश्राम सकाळ-संध्याकाळ धक्क्यावर जाऊन उभा राहू लागला. शीड दिसले की धावायचा. कोणी खजूर घेऊन आलेला असे, कोणी नारळ. कथील कोणाकडेच नव्हते. कोठीतल्या कथलाच्या कांड्या सरत चालल्या, तसा त्याने भाव वाढवला. मग पुन्हा वाढवला. आपण टंचाईला तोंड देत आहोत, असे त्याला मनापासून वाटत होते.

कासमभाई हा कल्हईवाल्यांतला सर्वांत जुना. पेढीवर येऊन तो म्हणाला, “विश्रामशेट, सकाळचा भाव विचारून गेलो, जेवून येईतो दुसराच झालेला. मी काय उपाशीच येत जाऊ?”

“जहाज येत नाही, कासमभाई. मी काय करू?”

“जहाज सगळ्यांचंच येत नाही. तुमच्या गल्ल्यात तेवढं आलेलं दिसतंय.”

शेजारचे दुकानदार हसले. विश्रामला ते झोंबले, पण भाव उतरला नाही. गावातल्या वाण्यांनी आणि इनामदारांनी वाढीव भावाने कांड्या नेल्या. देवघरातली उपकरणीसुद्धा त्यांनी आरशासारखी करून घेतली. साध्या घरांतली पातेली तशीच तांबूस पडून राहिली.

अशात घाटावरचा एक दलाल आला. त्याच्याकडे कथील होते, हवे तेवढे होते, आणि स्वस्त होते. नमुन्याची कांडी त्याने गादीवर ठेवली. कांडी चमकत होती, पण हाताला जरा जास्तच जड लागत होती. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की करकरते, हा धडा तातशेटांनी विश्रामला पहिल्याच दिवशी दिला होता. विश्रामने कांडी उचलली, बोटांनी चाचपली आणि न वाकवताच फडताळात ठेवून दिली.

“माल आणा,” तो दलालाला म्हणाला.

वाकवली नाही, म्हणजे मला काही ठाऊक नाही. ज्याला पुढे शपथ घ्यावी लागणार असते, त्या माणसाची ही फार जुनी युक्ती आहे. विश्रामने ती स्वतःपाशीच वापरली. चुली अडणार नाहीत, दिलेला शब्द राहील, किल्ली मिळेल, असे त्याने मनाला समजावले. दलाल माल आणायला घाटावर गेला.

त्यानंतरच्या आठवडी बाजाराच्या दिवशी विश्राम धक्क्यावरून परतला, तो पेढीपुढे गर्दी. पायऱ्यांवर मडक्यांच्या उतरंडी, आणि मधोमध तातशेट मांडी घालून बसलेले. शेजारी आनशी कुंभारीण पेंढ्यातून एकेक मडके काढून देत होती.

“तातशेट, कथील संपलं की डोकं?” समोरचा कापडवाला ओरडला.

“डोकं आहे अजून. तुला हवं असेल तर तेही विकेन,” तातशेट म्हणाले, आणि पुढच्या बाईकडे वळले. “काय करायचंय तुला?”

“पातेलं कल्हई करून हवंय.”

“ते मला कळलं. पातेल्यात शिजवतेस काय?”

बाई गोंधळली. आजवर पेढीवर तिला हे कोणी विचारले नव्हते. “आमसुलाचं सार. कधी कढी.”

“मग हे मडकं ने. आज यात पेज भरून ठेव, उद्या चुलीवर चढव, म्हणजे तडकायचं नाही. सार यात कर आणि पातेल्यात भात लाव. भाताला ती जुनी कल्हई सहज चालेल.”

दुसऱ्याने पाण्याचा हंडा आणला होता. “पाण्याच्या हंड्याला कल्हई कशाला? शोभेला?” म्हणत तातशेटांनी त्याला हंड्यासकट परत पाठवले. तिसरा लग्नघरचा आचारी होता. पंगतीची आमटी ज्यात व्हायची ते तपेले एवढे मोठे, की त्यात दोन माणसे उकिडवी बसतील. तातशेटांनी आतून कथलाची कांडी मागवली, तिचा भाव जुनाच घेतला आणि कासमभाईच्या हातात देऊन म्हणाले, “ह्याला मडकं पुरायचं नाही. ह्याचं तपेलं नीट करून दे.”

विश्रामने गुरूला हाताला धरून जवळजवळ ओढतच आत नेले. कासमभाईही मागोमाग आला, कारण त्याचाही एक प्रश्न होता.

“तातशेट, हे काय चालवलंय?” विश्रामने विचारले. “आपण कथील विकतो! लोकांना मडक्याची सवय लागली तर उद्या जहाजं येऊनही आपल्याकडे फिरकणार कोण? आपल्या धंद्यावर आपणच पाणी ओततोय!”

“आणि माझ्या भात्याला मी काय खायला घालू?” कासमभाईने विचारले. “बायका मडकी नेणार, तर आम्ही काय भजन करावं?”

“कोणाच्या घरात कुठलं भांडं आहे, हे तुमच्याइतकं गावात दुसऱ्या कोणाला माहीत नाही,” तातशेट त्याला म्हणाले. “तुम्ही फिरता त्याच वाटेने मडकी न्या. माणसं तीच, दारं तीच, पाठीवरचं ओझं तेवढं वेगळं. आनशीशी मी बोललोय. निम्मा नफा नेणाऱ्याचा. माझा त्यात काही नाही.”

कासमभाईने दाढी खाजवली. “ओझं वेगळं खरं. पडलं तर फुटणारं आहे,” म्हणाला, आणि मडकी निवडायला बाहेर गेला.

दलालाशी झालेला सौदा तातशेटांच्या कानावर आला होता. त्यांनी फडताळ उघडले. दलालाची कांडी काढून त्यांनी विश्रामच्या कानाशी नेली आणि दोन्ही हातांनी वाकवली.

“काय ऐकलंस?”

विश्रामने कान आणखी जवळ नेला.

“काही ऐकू येणारच नाही. यात शिसं आहे, आणि शिसं मुकं असतं. खाणाऱ्यालाही ते काही सांगत नाही. कळकलेली कढी माणूस ओकून टाकतो, निदान त्याला कळतं तरी. शिसं वर्षानुवर्षं पोटात जातं, आणि पोर मंद का झालं हे आईला कधीच समजत नाही.” त्यांनी वाकलेली कांडी गादीवर ठेवली. आवाज त्यांनी चढवला नव्हता. “तुझ्यावर मी रागावलेलो नाही, विश्राम. तू मेहनत केलीस. पण ती सगळी धक्क्यावर उभं राहून केलीस. माल येणार कुठून, एवढंच तू विचारत राहिलास. माल जातो कुठे, हे विचारलंच नाहीस. या साखळीचं एक टोक त्या समुद्रात आहे, आणि ते तुझ्या-माझ्या हातात नाही, दोन मूर्ख राजांच्या हातात आहे. दुसरं टोक चुलीपाशी आहे. तिथे कोणाला कथील नको असतं रे. आंबट खाऊन पोट बिघडू नये, एवढंच हवं असतं. ते मडक्याने होत असेल तर मडकं द्यायचं. ज्याचं मडक्याने भागत नाही, त्याच्यासाठी कथील राखायचं. तू भाव वाढवलास. त्याने माल वाढला का? नाही. ज्याला गरज होती त्याच्या हातून तो सुटला आणि ज्याची थैली मोठी होती त्याच्या देवघरात जाऊन बसला. त्याला तू टंचाईशी लढणं म्हणत होतास.”

“पण जहाजं आलीच नाहीत तर?”

“तर मी मडकी विकत मरेन. दक्षिणेतल्या बंदरांत दोघांना सांगून ठेवलंय. खुष्कीच्या वाटेने एक जण थोडं पाठवील म्हणतो. कदाचित पाठवील, कदाचित नाही. मलाही पुढचं दिसत नाही, बाबा.” तातशेट उठले. “दलालाला शब्द तू दिलायस. तो आला की काय सांगायचं ते तूच सांग. मी जरा पडतो.”

आणि ते खरोखरच आत जाऊन आडवे झाले.

दुपार कलायच्या सुमारास दलालाचे बैल दारात येऊन थांबले. विश्राम पायरीवर उभा राहिला. गादीवरची वाकलेली कांडी त्याने दलालापुढे धरली.

“घेऊन जा.”

दलालाने कांडीकडे पाहिले आणि हसला. “शेट, सगळा मुलूख हेच वापरतोय सध्या. वेळ अशी आहे. तुम्ही नाही घेतलंत तर पलीकडच्या गल्लीतली पेढी घेईल. मग गाव ते खाणारच, आणि तुम्ही मात्र रिकाम्या कोठीत सोवळं नेसून बसाल.”

हे खोटे नव्हते. उत्तर दिले ते कासमभाईने. दोरीने बांधलेली मडकी खांद्यावर घेऊन तो निघायच्या बेतात होता, आणि मघाचे आतले बोलणे त्याच्या कानावर पडले होते.

“कोणाच्याही पेढीवर उतरव बाबा,” तो म्हणाला. “पण भांड्याला फासणार कोण? पेढीवाल्याला भाता तरी फुंकता येतो का? आज संध्याकाळपर्यंत सगळ्या कल्हईवाल्यांच्या कानावर घालतो मी, की हा माल मुका आहे.”

दलालाचा चेहरा उतरला. तरीही तो पलीकडच्या गल्लीत गेला. तिथल्या शेटने आधी कल्हईवाल्यांकडे चौकशी केली आणि नंतर माल नाकारला. बैल आले त्या वाटेने घाटाकडे परतले. त्याने तो माल पुढच्या कुठल्या गावात खपवला असेल, हे सांगता येत नाही. खपवला नसेल, असे मानण्याइतके आपण भोळे नाही.

पेढीवर गर्दी ओसरली होती. एक म्हातारी काखेत काळवंडलेले पितळेचे पातेले घेऊन चाचरत आली. भाव वाढल्याचे तिच्या कानावर होते, त्यामुळे पायरी चढावी की नाही अशा बेताने ती खालीच उभी राहिली. विश्राम स्वतः खाली उतरला. धक्क्याकडे त्याची पाठ होती. तिकडे कोणीतरी शीड दिसल्याची आरोळी ठोकली, पण तो वळला नाही.

“आजी,” त्याने विचारले, “यात काय शिजवता तुम्ही?”

आत तातशेट जागेच होते. त्यांनी कूस पालटली आणि डोळे मिटले.

दूरदेशीचे युद्ध हे माल न मिळण्याचे कारण असू शकते. शिसे विकण्याचे ते कारण कधीच नसते, मग तसे सांगणारा कितीही मोठ्या गादीवर बसलेला असो.