सात मीटर

"तुम्हाला माहीत होतं?"

मिस ऑगस्टांनी मान वर केली नाही. त्या मैदानात गुडघे टेकून बसल्या होत्या.

"आधी गुड आफ्टरनून."

जोझेलने ओठ चावला. या बेटावर घराला आग लागल्याचं सांगायला आलेला माणूससुद्धा आधी गुड आफ्टरनून म्हणतो, आणि मग आग. नऊ वर्षं परदेशात राहून तिची ही सवय मोडली होती.

"गुड आफ्टरनून, मिस."

"गुड आफ्टरनून. पाय कसा आहे?"

"बरा आहे. तुम्हाला माहीत होतं की नाही?"

मिसच्या हातात बारीक तोटीचा डबा होता. डब्यात जळकं ऑइल. बोटींच्या इंजिनातून निघालेलं ते काळं ऑइल बंदरावर फुकट मिळतं. या शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा टिकत नाहीत, एका सरीत वाहून जातात. म्हणून गवतावर या ऑइलची धार सोडायची. गवत करपतं, आणि रेष वर्षभर राहते. पुढच्या वर्षी जुन्या रेषेवरच पुन्हा धार धरायची.

मिस ऑगस्टा हे चाळीस वर्षं करत होत्या. मुलांना पळायला शिकवणं आणि दर वर्षी त्याच रेषांवरून गुडघे घासत फिरणं.

आकाश सकाळपासून शिशासारखं होतं. किनाऱ्याला लागलेलं शेवाळ सडत होतं, त्याचा वास मैदानापर्यंत येत होता. कुंपणावर मात्र उत्सव होता. आसपासच्या बेटांवरच्या पदकवाल्या खेळाडूंची मोठमोठी चित्रं, मधोमध जोझेल. गावच्या पाण्याच्या टाकीवरही तिचाच चेहरा रंगवला होता, फक्त नाक दुसऱ्या कुणाचं तरी आलं होतं.

उद्या सगळे पदकवाले इथे येणार होते. मंत्री येणार होते. मुलांच्या शर्यती होत्या, त्यांना स्फूर्ती मिळावी म्हणून भाषणं होती, आणि मुख्य भाषण जोझेलचं. चारशे मीटरमध्ये जगात पहिली आलेली या बेटाची पहिली मुलगी.

"सकाळी इंजिनिअर भेटला," ती म्हणाली. "सोमवारपासून निळा ट्रॅक घालणार ना, त्यासाठी मोजत होता. म्हणाला, हा फेरा चारशे मीटरचा नाहीच. चारशे सात आहे. हसत होता."

"बरोबर मोजलंय त्यानं."

"म्हणजे माहीत होतं."

मिसनी डबा खाली ठेवला.

"कोळ्यांचा दोर होता. धक्क्यावर कोरडा असताना पन्नास मीटर मोजून घेतला. इथे आणला तर गवत ओलं. नायलॉनचा दोर... भिजला, ओढला, लांबला. आठ वेळा टाकला, दर वेळी चार वितींनी पुढे गेला."

"आणि नंतर कुणी मोजलंच नाही?"

"जुन्या रेषेवर नवी रेष धरणारा माणूस मोजतो कशाला?"

जोझेल हसली. मिसना वाटलं होतं ती चिडून आली असेल. ती चिडलेली नव्हती, खुशीत होती. ती शेजारी गवतावर बसली आणि खिशातून दोन घड्यांचा कागद काढला.

"मिस, हे किती भारी आहे तुम्हाला कळतंय का? मी भाषणच बदललं. ऐका."

"वाच."

"जग चारशे मीटर पळत होतं, तेव्हा आम्ही चारशे सात पळत होतो. आमच्या मिसनी आमच्याकडून सात मीटर जास्त मागितले, म्हणून आज माझ्या गळ्यात पदक आहे. मुलांनो, तुमच्या वाट्याला सात मीटर जास्त आले तर रडू नका. तेच तुम्हाला घडवतील."

ती थांबली. लहानपणी शर्यत संपली की थांबायची तशीच, मिसच्या तोंडाकडे बघत. चौदा वर्षांच्या ओळखीत मिसनी तिला एकदाही शाबास म्हटलेलं नव्हतं. ती परदेशातून फोन करायची, तेव्हाही मिस सांगायच्या, शेवटच्या वळणावर तुझा डावा खांदा वर जातो.

"कुणी लिहिलं?"

"मीच."

"वाटलंच. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं छोटं लिहिलं असतं."

"आवडलं नाही का?"

"ऐकायला छान आहे."

"मग?"

मिस ऑगस्टांनी कुंपणाकडे बघितलं. मग समुद्राकडे.

"उद्या अल्थिया येणार आहे," त्या म्हणाल्या.

"कोण? ... हो, अल्थिया. कशी आहे ती?"

"खाडीवरच्या हॉटेलच्या धोबीखान्यात आहे. चादरी धुते. समितीनं तिला पहिल्या रांगेत बसवलंय. चॅम्पियनची बालमैत्रीण म्हणून. तुझा चेहरा छापलेला टी-शर्टही दिलाय घालायला."

जोझेल कसंनुसं हसली. "बिचारी."

"तेच सात मीटर तीही पळायची," मिस म्हणाल्या.

जोझेलच्या हातातला कागद वाऱ्याने फडफडला. तिने तो मांडीवर दाबून धरला.

"ती माझ्याइतकी वेगात नव्हती, मिस."

"नव्हती."

"मग?"

"परदेशातली कॉलेजची माणसं आली होती, तो दिवस आठवतो?"

आठवत होता. न आठवायला काय झालं? राजधानीतल्या मैदानाची वादळाने माती केली होती, म्हणून ती माणसं घड्याळ घेऊन इथे आली होती. पंचावन्न सेकंदांच्या आत जी फेरा पूर्ण करील तिचं शिक्षण फुकट, राहणं फुकट. जागा दोन होत्या. पळाल्या सहा जणी.

"तुझी वेळ किती होती?"

"चोपन्न आणि चार दशांश." हे झोपेतही सांगता आलं असतं.

"अल्थियाची?"

जोझेलने आठवून बघितलं. त्या दिवशीचा वारा आठवला, घड्याळवाल्याचा लाल कान आठवला. आपण बोटीत चढलो तेव्हा धक्क्यावर सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी अल्थिया आठवली. आकडा आठवेना.

"पंचावन्न आणि आठ," मिस म्हणाल्या. "तिलाही ते झोपेत सांगता येतं."

मिसनी बोटाने दाखवलं. शर्यत संपण्याच्या रेषेच्या अलीकडे गवतात इंजिनिअरने ठोकलेली खुंटी होती, वर तांबडी फीत. चारशे मीटर खरे तिथे संपत होते.

"तिथून इथपर्यंत चाल."

जोझेल उठली. खुंटीपासून निघाली आणि काळ्या रेषेपाशी थांबली.

"किती?"

"नऊ पावलं."

"पळताना?"

"तीन ढांगा."

"दमलेल्या पोरीला वेळ किती लागतो?"

जोझेल मनात मोजू लागली. 

एक सेकंद. थोडा कमीच, पण एक धरू. पंचावन्न आणि आठ, त्यातून एक गेला...

ती तिथेच उभी राहिली, पाय रेषेवर. चढाच्या बाजूने एक शेळी आली, तिने कुंपणावरच्या कुठल्याशा चॅम्पियनचा कोपरा चावून बघितला आणि तो न आवडून निघून गेली.

"ती आली असती," जोझेल शेवटी म्हणाली. "माझ्याबरोबर आली असती."

मिसनी डब्याच्या तोटीवरचा थेंब बोटाने पुसला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"तू गेल्यानंतर पुढच्या वर्षी. माझा भाचा चर्चची भिंत मोजायला लोखंडी टेप घेऊन आला होता. सहज म्हटलं, इथेही टाकून बघ."

"आणि आठ वर्षं तुम्ही तिला सांगितलं नाही?"

"पहिल्या वर्षी वाटलं, सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. तिसऱ्या वर्षी म्हटलं, आता कशाला. त्यानंतर दर वर्षी 'आता कशाला' एवढंच."

"आणि रेषा? त्या तरी बदलायच्या."

"बदलल्या असत्या तर कुणीतरी विचारलं असतं, का बदलल्या."

"म्हणजे नंतरची मुलंसुद्धा..."

"त्यांच्या वेळेतून मी एक सेकंद वजा करून लिहीत गेले. कुणाचं नुकसान झालं नाही." मिसनी हातावरचं ऑइल गवताला पुसलं. ते पसरलं फक्त. "एकीचं झालं ते झालं."

जोझेलने कागदाची घडी घातली. मग घडीची घडी. मग तो एवढासा झाला आणि पुढे घडी पडेना.

"मी हे बोलत नाही उद्या," ती म्हणाली. "दुसरं बोलते. कष्ट, शिस्त, तेच ते. मुलांना तेवढं पुरतं."

"पुरतं."

"इंजिनिअरला सांगते, गप्प बस म्हणून. सोमवारी यंत्रं येतील, हे सगळं खरवडून काढतील. वर निळा ट्रॅक. मग चारशे काय आणि चारशे सात काय, कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

"मग झालं तर."

"झालं."

त्यात राग नव्हता. हेच तिला जास्त लागलं. लहानपणी चुकीची सुरुवात केली की मिस अशाच आवाजात 'बरं' म्हणायच्या, आणि मग आपणच पाय ओढत परत रेषेमागे जायचो.

मिस ऑगस्टांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. जोझेलने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्यांदा उठल्या. डबा उचलला आणि खुंटीपाशी गेल्या.

खुंटीच्या टोकापासून त्यांनी धार सोडली.

हिरव्या गवतावर काळी, बारीक, सरळ. चाळीस वर्षांत ऑइल पडलं नव्हतं अशा जागेवर. पहिल्या पट्ट्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात.

"मिस, काय करताय?"

"रेष आखतेय."

"सोमवारी उखडणार आहेत."

"उद्या मुलं पळणार आहेत ना?"

"पण दोन रेषा दिसतील. नऊ पावलांवर दोन रेषा. सगळे विचारतील."

"विचारतील."

"अल्थिया पहिल्या रांगेत असेल. तिला दिसेल. ती बघूनच ओळखेल, मिस. तिला मनातल्या मनात वजाबाकी करायला किती वेळ लागणार?"

"तुला लागला तेवढाही नाही."

जोझेल दोन पावलं पुढे आली. तिच्या मनात आलं की डबा हिसकावून घ्यावा. वय झालंय, एका हाताने निघेल. तिने डबा धरलाही.

मिसनी लगेच सोडून दिला.

डबा आता तिच्या हातात होता. अर्धा भरलेला, वाटला त्याहून जड. रेष चौथ्या पट्ट्याच्या मधोमध तुटली होती. चौथा पट्टा. त्या दिवशी याच पट्ट्यात अल्थिया पळाली होती. हे मात्र तिला आठवलं, कारण आपण पाचव्यात होतो, आणि शेवटच्या वळणापर्यंत तिचा श्वास आपल्या कानाशी होता.

 मिस खाडीकडे बघत होत्या. हॉटेलच्या मागे दोरीवर चादरी होत्या, इथून नखाएवढ्या दिसत होत्या. कुणीतरी त्या एकेक काढून घेत होतं, पाऊस येईल म्हणून.

जोझेल गुडघ्यांवर बसली.

तिने तोटी गवताला लावली. रेष थोडी वाकडी गेली. चौथा पट्टा संपला. पाचवा. सहावा. शेवटच्या पट्ट्याच्या कडेला तिने डबा सरळ केला.

बसल्या बसल्याच म्हणाली, "तिची सुट्टी कधी होते?"

"पाचला."

"मी जाते."

"आपण जातोय."

मिसनी स्कर्टवरचं गवत झटकलं. जोझेलने हात पुन्हा पुढे केला, या खेपेला मिसनी धरला. दोघींचे हात काळे झालेले होते. उताराची वाट लागली. जगात सगळ्यांत वेगात पळणारी बाई त्या वाटेने म्हातारीच्या चालीने उतरत होती, आणि आज ती चालही तिला फार वेगाची वाटत होती.

वळणावर शेवाळाचा वास एकदम नाकात शिरला. जोझेल थांबली.

"मिस, तिला सांगायचं कुणी? तुम्ही की मी?"

मिस ऑगस्टा थांबल्या नाहीत.

"बाहेर येईल तेव्हा ती आधी जिच्याकडे बघेल, तिनं."