मांडवातला खडक

फार पूर्वीची गोष्ट. एका डोंगरावर कुंभारांचं गाव होतं आणि पायथ्याशी बाजाराचं. मधे एकच पायवाट, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. एका पावसाळ्यात त्या वाटेने सुईण वेळेवर वर पोचली नाही आणि एका म्हाताऱ्या कुंभारणीच्या सुनेचं पहिलं मूल हाती लागलं नाही. म्हातारी थेट राजाच्या दारात जाऊन बसली. राजाने रस्ता मंजूर केला. इथवर सगळं बरं झालं. पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं, पण सांगते.

मक्तेदार आला. जुनी पायवाट उखडून त्याने तिथेच रुंद रस्ता करायला घेतला. अर्धं काम झालं आणि मधोमध, उखडलेल्या वाटेच्या मातीखालून खडक उघडा पडला, पुरुषभर उंच, कड्यापासून दरीपर्यंत आडवा.

मक्तेदार म्हणाला, "करारात मुरूम खणायचा असं लिहिलंय. हा खडक आहे. हे माझं काम नाही."

राजाचा कारभारी म्हणाला, "हा खडक नाहीच. घट्ट झालेला मुरूम आहे. खण."

आता चार पहारी मारल्या असत्या तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण मारणार कोण? जो मारेल तो हरला. शेवटी पंच नेमायचं ठरलं. एक मक्तेदाराचा, एक कारभाऱ्याचा आणि तिसरा त्या दोन पंचांनी मिळून निवडलेला. तिसरा निवडण्यातच होळी येऊन गेली.

पंचांनी पहिला हुकूम काढला, "निकाल लागेपर्यंत खडकाला कोणी हात लावायचा नाही. तो पुरावा आहे." मग पंचांना ऊन लागू नये म्हणून खडकाच्या वरच्या, कुंभारांच्या गावाकडच्या अंगाला मांडव घातला, आणि पुरावा भिजू नये म्हणून तो खडकावरही ओढून घेतला. खडकाला मांडव! लग्नाच्या पोरीलासुद्धा इतक्या लवकर पडत नाही.

पहिल्या बैठकीत मधे कोणी बसायचं यावर चर्चा झाली. दुसरीत मुरूम कशाला म्हणायचं ते ठरणार होतं, ते ठरलं नाही. तिसऱ्या बैठकीच्या दिवशी एका पंचाच्या मेहुणीचं लग्न निघालं. मक्तेदाराचे गडी झाडाखाली झोपा काढू लागले. आणि दुपारी मक्तेदार नि कारभारी एकाच चंचीतलं पान खात. त्यांचं वैर नव्हतंच हो. नुसता हट्ट.

इकडे सून पुन्हा गरोदर होती, आषाढात दिवस भरणार होते. म्हातारी दर आठवड्याला मांडवात येऊन विचारायची, "काय ठरलं?"

"आजी, न्यायाला वेळ लागतो," तिसरा पंच म्हणायचा.

"बाळाला नऊ महिने लागतात. तुम्ही काय हत्ती जन्माला घालताय?"

पंच हसायचे आणि पुढची तारीख द्यायचे.

आषाढ लागला. एका सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. हाकेवर हाक देत निरोप खालच्या गावात पोचला. चौघांनी सुनेला झोळीत घालून मांडवापर्यंत आणलं. पलीकडून सुईण आली, सत्तरीची, दोन्ही गुडघे धरलेले. अलीकडे सून कण्हतेय, पलीकडे सुईण उभी, आणि मधे पुरावा.

"सुईणीला खडकावरून ओढून घ्या," म्हातारी म्हणाली.

तिसरा पंच चाचरत म्हणाला, "वर चढणं म्हणजे हात लावणंच झालं. हुकूम आहे."

म्हातारी त्याच्याशी बोललीच नाही. ती मक्तेदाराकडे आणि कारभाऱ्याकडे वळली. "गेल्या वर्षी मी एक पुरलंय," एवढंच म्हणाली.

दोघांच्याही माना खाली गेल्या. मग कारभाऱ्याने जोडे काढले. मक्तेदाराने पागोटं सोडलं. दोघे खडकावर चढले, पागोट्याची झोळी केली आणि सुईणीला उचलून अलीकडे आणलं. पाच महिन्यांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. एका पंचाने हुकूम मोडल्याची नोंद केली, म्हातारीने त्याला दौतीसकट मांडवाबाहेर काढलं.

मांडवात मुलगी झाली. सुखरूप झाली. तिन्ही पंच बाहेर पावसात भिजत होते.

म्हातारी हात पुसत बाहेर आली. "अहो, मडकं फुटलं तरी खापरी बघून मी सांगते, माती कुठल्या तळ्याची. अख्खं मडकं कशाला लागतंय? हा फोडला तर त्याचा काय गूळ होणार आहे? खडक असेल तर तुकडेही खडकाचेच निघतील. फोडा, कडेला रचा, आणि त्या ढिगाशी जन्मभर भांडत बसा."

दुसऱ्या दिवशी पहारी लागल्या. तुकडे मोजून कडेला रचले, पंचांनी त्यावर शिक्के मारले. आठ दिवसांत रस्ता झाला.

ती मुलगी आठ वर्षांची झाली. आजीबरोबर गाडगी घेऊन बाजाराला उतरताना ती ढिगाशी थांबायची. शेजारी तीन म्हातारे बसलेले असायचे.

"आजोबा, तुम्ही इथे काय करता?" तिने एकदा विचारलं.

"हा खडक आहे की मुरूम, ते ठरवतोय," तिसरा पंच म्हणाला. "आता दिवाळीनंतर बैठक आहे."

"बरं," म्हणून तिने टोपली डोक्यावर घेतली आणि ती बाजाराकडे उतरू लागली. रस्ता मोकळा होता.

तात्पर्य: भांडण मिटायला वेळ लागत असेल तर लागू दे, पण भांडायचं ते रस्त्याच्या कडेला बसून, मधोमध नाही.