अर्धा सूर खाली

“...ते सगळं मान्य. पण शेवटी उरलं कोण, मास्तर? रेड ट्राम की सॉल्ट पॅन?”

इनास मास्तरांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या गिटारची खुंटी ते पिळत होते. तार छेडायची, शेजारच्या पेटीवर पट्टी दाबायची, पुन्हा खुंटी.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय. तुझं नाही, हिचं.”

वसईतलं घर होतं. ओट्यासमोर अंगण, अंगणात चुना दिलेला क्रूस, त्यापलीकडे केळीची वाडी. पंचाहत्तरी गाठलेले मास्तर इथे गावातल्या पोरांना गिटार शिकवत. तरुणपणी ते मुंबईच्या ‘रेड ट्राम’ या बँडमध्ये होते.

समोर बसलेला प्रफुल्ल चेंदवणकर त्यांचा जुना शिष्य. गिटार त्याला फारशी साधली नाही, लेखणी साधली. संगीतावर लिहिणारा म्हणून आता त्याचं नाव होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. खुर्चीला टेकवून त्याने गिटारची एक काळी बॅग ठेवली होती. आल्यापासून तिच्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

“दमट हवा,” मास्तर म्हणाले. “आठवडाभर हात लावला नाही की या उतरल्याच. आणि एकसारख्या उतरतील तर शपथ. बाप मेल्यावर भाऊ वेगळे होतात ना, तशा. कुणी इतकी खाली, कुणी तितकी. एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत.”

प्रफुल्ल हसला. मग पुन्हा आपल्या प्रश्नाकडे आला.

“पुस्तक संपत आलंय. दोन्ही बँडवर. एकच शहर, एकच काळ, आणि एकमेकांचे हाडवैरी. आता इतक्या वर्षांनी कुणाचा ठसा राहिला, एवढं शेवटचं प्रकरण अडलंय.”

“लिही की, दोघेही मोठे होते.”

“असलं गुळमुळीत मी लिहीत नाही.”

“खरंय. लहानपणीसुद्धा चुकीचा सूर तू सगळ्यात जोरात वाजवायचास.”

प्रफुल्लने ते कानाआड केलं.

“सॉल्ट पॅनचं काय होतं? ठेका होता. वेग होता. बोटांची कसरत होती. जाहिरातवाल्यांनी ते उचललं, सिनेमावाल्यांनी उचललं. पण ते नुसतं उचलणं झालं, मास्तर. वरवरचं. तुमचं तसं नाही. तुम्ही लोकांच्या वाद्यात शिरलात.”

“आम्ही कुठे शिरलो?”

“तारांत. तुमच्या दुसऱ्या रेकॉर्डवर सहाच्या सहा तारा अर्धा सूर खाली लावलेल्या आहेत. त्यानेच तो जड, काळा आवाज येतो. सॉल्ट पॅनने जन्मभर मूळ सुरात वाजवलं, एकदाही तार खाली घेतली नाही. आज पुण्यात जा, नागपुरात जा. तुमची ती रेकॉर्ड ऐकून शिकलेली पोरं अजून तारा अर्धा सूर खाली लावतात. का लावतात, ते त्यांनाही सांगता येत नाही. याला म्हणतात प्रभाव.”

तो पुढे वाकला.

“मला नुसती गिटार हातात द्या. पोरगा ट्रामचा की पॅनचा, ते मी तारांवरून सांगेन. तोंडाने तो काही का म्हणेना.”

मास्तरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“सॉल्ट पॅनचा ड्रमर होता, सोराब,” ते म्हणाले. “पास्कूच्या मयताला आला होता. खांदा दिला त्याने. नंतर कॉलेजच्या हॉलमध्ये, भर स्टेजवरून, आम्हाला म्हणाला, हे वाजवणारे नव्हेत, गवताचे भारे. दोन्ही मनापासून.”

पास्कू म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, रेड ट्रामचा गायक. दुसरी रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच तो वारला. प्रफुल्लच्या पुस्तकात ती तारीख होती.

“बरं, तारा खाली का घेतल्या आम्ही?” मास्तरांनी विचारलं.

“त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. तुमचा सराव गिरणीच्या मागे चालायचा. गिरणीचा भोंगा ज्या सुरात वाजायचा, त्याला तुम्ही तारा मिळवल्यात. कामगारवस्तीचा सूर वाद्यात आणलात.”

“भोंगा.”

“हो.”

“छान लिहिलंस... पास्कूला आवडलं असतं.”

मास्तर गिटारच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिले.

“त्याच्या घशात गाठ होती. वरचे सूर फाटायला लागले होते. डॉक्टर काय म्हणाले ते आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंग तोंडावर आलं. मग आम्ही काय केलं, तो यायच्या आधी सगळ्या तारा अर्धा सूर खाली घेऊन ठेवल्या. बेसच्यासुद्धा. तो आला, डोळे मिटले, गायला... आणि सूर लागला.”

“त्यांना कळलं नाही?”

“त्याला वाटलं, औषध लागू पडलं.”

वाडीत रहाटाचा आवाज येत होता. तो थांबला.

“घरी जाऊन आईला म्हणाला, मी बरा झालो. तिने सणाला करतात तसे मैद्याचे गोड फुगे तळले. आम्ही सगळे जेवलो.”

“हे तुम्ही कधी बोलला नाहीत, मास्तर.”

“तुला भोंगा सापडला होता. आणि विचारायला कोण आलं होतं?”

प्रफुल्ल खुर्चीत मागे टेकला. लगेच पुन्हा पुढे आला.

“मग तर मुद्दा पक्का झाला. एका माणसाच्या घशाला लावलेला सूर अजून वाजतोय. सॉल्ट पॅनकडे असं काय आहे? निकाल ट्रामच्याच बाजूने लागतो. तुम्ही एक वाक्य बोला, मी तुमच्या नावावर छापतो.”

“कुणाशी भांडतोयस तू?”

“भांडतोय कुठे?”

“नुसत्या पुस्तकासाठी माणूस एवढा तापत नाही.”

प्रफुल्लने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“केयूरशी.”

“तुझा मुलगा?”

“हो.”

“मग त्यालाच आणायचंस. दोघांनाही चहा दिला असता, दोघांनाही शिव्या दिल्या असत्या.”

“तो नाही आता, मास्तर... श्रावणात गेला. मोटरसायकलवर होता. घाटात.”

मास्तरांनी गिटार मांडीवरून उतरवली आणि भिंतीला टेकवली.

“मला कुणी कळवलं नाही.”

“मीच कुणाला कळवलं नाही.”

चहावर साय धरली होती. मास्तरांनी आपला कप उगाच सरकवला.

“जेवायला बसलं की वाद,” प्रफुल्ल म्हणाला. “रोज. तो सॉल्ट पॅनचा. म्हणायचा, बाबा, तुमची ट्राम बंद पडली, रूळसुद्धा उखडले तिचे, तुम्ही अजून स्टॉपवर उभे. त्याची आई म्हणायची, जेवताना तरी त्या मेल्या बँडांना बाहेर ठेवा.”

मास्तरांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं.

“पोरगा बोलायला तिखट होता.”

“होता. त्या सकाळीही तेच चाललं होतं. मी म्हटलं...”

तो थांबला.

“काय म्हणालास?”

“म्हटलं, तुला बोटं आहेत, कान नाहीत. ट्राम कळायला कान लागतात.”

“मग?”

“त्याने हेल्मेट उचललं आणि गेला. उत्तर दिलं नाही. मास्तर, तो उत्तर दिल्याशिवाय राहणारा मुलगा नव्हता.”

“म्हणून तुला निकाल हवा.”

“हवा. तुम्ही तिथे होतात, तुम्हीच सांगा. तो चुकत होता की मी? एकदा संपू दे हे. रोज ताटावर बसलो की सुरू होतं... आता दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात.”

“आणि तू बरोबर निघालास, तर?”

“तर बरोबर निघेन.”

“सांगशील कुणाला?”

प्रफुल्लने अंगणाकडे पाहिलं.

मास्तरांनी हनुवटीने काळ्या बॅगेकडे खूण केली.

“आणि हे?”

“त्याची गिटार. तुमच्याकडच्या एखाद्या पोराला होईल. घरात नुसती पडून असते.”

मास्तरांनी बॅग जवळ ओढली. चेन उघडली. गिटार बाहेर काढून मांडीवर घेतली. लाकूड चांगलं होतं. जिथे हात टेकतो तिथली चकाकी गेली होती. त्यांनी एकेक तार छेडली, पेटीवर पट्टी दाबून ताडून पाहिली. सहाही तारा पेटीशी तंतोतंत जुळल्या.

“पक्की लागलीय. मूळ सुरात.”

“मी लावली. आज निघतानाही पुन्हा मिळवून घेतली.” प्रफुल्लच्या आवाजात जुना शिष्य डोकावला. “एवढं तरी तुमच्याकडून शिकलो. त्याच्या पलंगावर पडली होती, पार उतरलेली. ही म्हणाली, हात लावू नका, असू दे त्याने ठेवलीय तशी. पण बेसूर वाद्य घरात असलेलं मला सोसत नाही. बसलो आणि वर आणली.”

मास्तरांचं बोट पट्टीवरच राहिलं. भाता थांबला, तसा पेटीचा सूर विरत गेला.

“कधी?”

“तेरावं व्हायच्या आधीच. रात्रंदिवस पाहुणे. हाताला काहीतरी काम हवं होतं.”

“त्याने शेवटची कधी वाजवली होती?”

“आदल्या रात्री. दार लावून वाजवायचा. गिटारला हेडफोन जोडून. बाहेर काही ऐकू यायचं नाही.”

“आणि किती उतरली होती?”

“असेल अर्धा सूर.”

“कुठली तार?”

“सगळ्याच.”

“एखादी जास्त, एखादी कमी?”

“नाही. सगळ्या सारख्या...”

प्रफुल्ल थांबला.

मास्तरांनी मान फिरवून भिंतीला टेकवलेल्या आपल्या गिटारकडेही पाहिलं नाही.

“सगळ्या सारख्या,” प्रफुल्ल पुन्हा म्हणाला. जणू कुणीतरी ते त्याला वाचून दाखवायला सांगितलं होतं.

वाडीतला रहाट पुन्हा सुरू झाला.

प्रफुल्लने हात पुढे केला. मास्तरांच्या मांडीवरची गिटार जवळजवळ ओढूनच घेतली. पहिली खुंटी धरली आणि पिळली. तार कण्हली, खाली आली. जास्तच खाली आली. त्याने पुन्हा वर घेतली.

“अर्धा सूर ना, मास्तर? पट्टी दाबा. मूळ पट्टीच्या खालची. मी मिळवतो.”

मास्तरांनी पट्टी दाबली नाही.

“दाबा ना.”

मास्तरांनी हात लांब केला आणि तळवा तारांवर टेकवला. आवाज मिटला.

“राहू दे.”

“होती तशी करतो.”

“सूर लागेल.”

“मग?”

“हात तुझा असेल.”

प्रफुल्लचा हात खुंटीवरच होता. तो सोडावा की धरावा हे त्याला कळत नव्हतं.

“मला तेव्हाच ऐकू आलं होतं, मास्तर. पहिली तार छेडली तेव्हाच. बरोब्बर अर्धा सूर, सहाच्या सहा, तुमच्या रेकॉर्डवर आहेत तशा. मी... मी म्हटलं, काय पोरगा आहे, वाद्य ठेवायची शिस्त नाही.”

मास्तरांनी ऐकून घेतलं.

“आई त्याची म्हणत होती, असू दे. तिला सुरातलं काही कळत नाही.”

“हं.”

“तिला काही कळत नाही, मास्तर.”

मास्तरांनी गिटार त्याच्या हातातून सोडवून घेतली. बॅगेत ठेवली. चेन शेवटपर्यंत ओढली. मग उठून ती बॅग प्रफुल्लच्या मांडीवर आडवी ठेवली.

“पोरांना...?”

“नको.”

ऊन क्रूसावरून सरकून केळींवर गेलं होतं. प्रफुल्ल बॅगेवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. पुस्तकाचं त्याने काही विचारलं नाही. वाक्यही मागितलं नाही.

मास्तर आपल्या जागेवर परत बसले. भिंतीची गिटार घेतली. एक तार छेडली. ती पुन्हा थोडी उतरली होती.

“मी आता काय करू, मास्तर?”

मास्तरांनी खुंटीला हात घातला. बराच वेळ ती पिळली नाही.

“घरी जा,” ते म्हणाले. “तू जिंकलास... एवढं त्याच्या आईला सांग.”