राणी बसेना कुठल्या पानावर

एका राज्यात पानाला भोक पडणे हा मोठा अपशकुन मानीत. छत्राला भोक पडले तर ऊन राजाच्या माथ्यावर येते, तसे पानाला भोक पडले तर संकट राज्यावर येते, अशी तिथली समजूत. कोणत्या पूर्वजाने ती काढली, देव जाणे. पण राजा धवलकेतू रोज सकाळी बागेत फेरी मारी, पान न पान उलटून पाही आणि कुरतडलेले दिसले की झाड मुळासकट उपटवी; राज्यभर तसा हुकूमच होता. बाग कशी आरशासारखी लख्ख! फुलपाखरू मात्र तिथे औषधालाही सापडत नसे. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असे राजाच्या मनातही आले नाही.

एके दिवशी त्याने कुंपणालगतची रुई उपटवली. तिच्या पानांची पार चाळण झाली होती. त्या रुईच्या मुळाशी जटाई नावाची चेटकीण राहत असे. ती खड्ड्यातून वर आली, अंगावरची माती झटकली आणि म्हणाली, "राजा, माझ्या लेकरांपुढचे ताट तू ओढलेस. आता तुझी राणी ताट शोधत फिरेल."

राणी मंजुलेखा शेजारीच उभी होती. ती उभ्या जागी फुलपाखरू झाली. तांबूस पंखांचे, काळ्या काठांचे.

राजाने हात जोडले. "माते, उःशाप?"

"ती अंडे घालील. अंड्यातून अळी येईल. त्या अळीचे पोट भरेल, तेव्हा राणी परत येईल. पण त्याआधी पंखांवरची भुकटी झडून गेली, तर तुझी राणी गेली."

एवढे बोलून जटाई मातीत उतरली.

राजा गोंधळला. पोट भरायचे तर चांगलेचुंगले हवे, आणि ही तर राणीची अळी! तिला सामान्य पाला कसा चालेल? तो सोनसरोवरावर गेला, राखणीच्या मगरीला अंगाई गाऊन निजवले आणि सुवर्णकमळ पानासकट घेऊन आला. राणी कमळातला मध प्यायली, पानाला पाय लावला आणि उडाली.

मग तो वाऱ्याच्या डोंगरावर गेला. वारा उडवून नेईल म्हणून पायांना धोंडे बांधले आणि पाचूचा वेल काढून आणला. एकाही पानाला ओरखडा नव्हता. राणीने पाय लावला आणि उडाली. तिला अडवायला गेलेल्या राजाच्या बोटांना तिच्या पंखांवरची भुकटी लागली. त्याने हात चटकन मागे घेतला.

"मध पिते, मग पानावर बसत का नाही?" तो स्वतःशीच पुटपुटला.

बांधावर सातभाई पक्षी बसले होते. ते सगळे एकदम बोलू लागले.

"पायाने चाखते ती!"

"त्याला कशाला सांगतोस?"

"अरे, सोने कोण खातो?"

"राजा, आणणे पुरे! तिच्या मागे जा!"

राजाला त्यातले निम्मे कळले नाही. पण शेवटचे तेवढे त्याने ऐकले. राजाला हे तिसरे काम फार जड गेले, कारण यात त्याने करण्यासारखे काहीच नव्हते. राणी आंब्याच्या पानावर पाय आपटी, उडे. चाफ्याच्या पानावर आपटी, उडे. रुईच्या रिकाम्या खड्ड्यावर ती घिरट्या घालू लागली आणि राजाला एकदम रडू आले. का, ते मात्र त्याला सांगता आले नसते.

मग ती कुंपणापलीकडे गेली. तिथल्या उकिरड्यावर उपटलेली झाडे टाकीत. त्यात एका मुळाला रुईचा कोंब फुटला होता, इनमीन चार पानांचा. राणीने पाय लावला. पुन्हा लावला. आणि ती बसली.

पानाखाली मोत्याहून बारीक अंडे दिसले. राजा उकिरड्यावर मांडी घालून राखणीला बसला. राणीचे पंख आता पार फिके पडले होते. अखेर अंडे फुटले, पट्ट्यापट्ट्यांची अळी निघाली, आणि पानाला भोक पडले.

राजाचा हात सवयीने कोंबाकडे गेला. तो त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

माळी रंभाजी धावत आला. "महाराज, भोक!"

"दिसते आहे. असू दे."

"पण राज्यावर संकट..."

"ते मीच आणले, रंभाजी. खुरपे खाली ठेव."

अळीने तीन पाने फस्त केली आणि ती सुस्तावून पडली. त्याच क्षणी राणी राजापुढे उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण तीच होती.

राजाने विचारले, "देवी, तुझ्यासाठी मी सोन्याचे पान आणले, पाचूचे आणले. तू का बसली नाहीस?"

"महाराज, मी माझ्यासाठी कुठे शोधत होते?"

त्याच दिवशी दवंडी पिटली गेली: कुरतडलेले झाड उपटू नये. पुढे त्या बागेत फुलपाखरे इतकी झाली की राजदरबारातही शिरू लागली. पण ते सगळे नंतर. तेव्हा उकिरड्यावर अळी पुन्हा वळवळू लागली होती.

"ही आपली म्हणायची का?" राजाने हळूच विचारले.

"मलाही नीट उमगत नाही," राणी म्हणाली. "पण हिला भूक लागली आहे. आणि एकच पान उरले आहे."

राज्यातली रुई राजानेच संपवली होती. त्याने कमरेचा शेला आवळला आणि शेजारच्या राज्यात पानांची भीक मागायला तो स्वतः निघाला.