आईच्या फोटोवरची एकोणीस वर्तुळे

एकदा एका ग्रंथपाल बाईने आपल्या गुरूला एक सरळ प्रश्न विचारला आणि उत्तराऐवजी तिच्या हाती खोडरबर आले. त्याची ही हकिकत.

बाईचे नाव वैजयंती. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात ती ग्रंथपाल होती. पुस्तके विषयवार लावता लावता जगातली प्रत्येक वस्तू क्रमांक देऊन फडताळात बसवता येते, अशी तिची समजूत झाली होती. त्या व्यवसायात वीस वर्षे काढली की ती कोणाचीही होते. तिचे गुरू रंगनाथ मास्तर हे ऐंशीच्या घरातले गृहस्थ. एका फोटो स्टुडिओत त्यांनी चाळीस वर्षे रिटचिंग केले होते. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवरच बारीक पेन्सिलीने आणि पात्याने काम करून चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या घालवणे. स्टुडिओ बंद झाला, तेव्हापासून दर रविवारी सकाळी मास्तर आपल्या ओसरीवर येईल त्याला फोटो पाहायला शिकवीत. माणूस एरवी दुसऱ्याच्या फोटोतले दोष आणि स्वतःच्या फोटोतले गुण पाहतो. मास्तर हे नेमके उलटे करायला लावीत, म्हणून त्यांच्याकडे शिष्य फार टिकत नसत. वैजयंती तीन वर्षे टिकली होती.

तिच्या आईला जाऊन वर्ष होत आले होते. वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर होते आणि भिंतीवर आईचा फोटो नव्हता. एक फोटो होता, पण तो कपाटात होता. तेराव्याच्या गडबडीत कोणीतरी तो एका स्टुडिओतून मोठा करून आणला होता. त्यात आईची कातडी गुळगुळीत होती, दात एका ओळीत होते, ओठांवर कधी नव्हे ती लाली होती. वैजयंतीच्या वडिलांनी, आप्पांनी, तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ह्या कोण बाई?" त्यांना थट्टा करायची नव्हती. त्यांना खरोखर कळले नव्हते.

त्या दिवसापासून आप्पांनी आईचा कोणताच फोटो पाहिला नाही. कोणी मोबाइल पुढे केला की ते मान फिरवीत. म्हातारपणी आठवण पातळ होत जाते, हे वैजयंतीला माहीत होते. आईचा खरा चेहरा हळूहळू त्यांच्या मनातून जाईल आणि त्या गुळगुळीत बाईच तेवढ्या मागे उरतील, अशी धास्ती तिला वाटे. म्हणून या वेळी फोटो आपण स्वतः तयार करायचा, असे तिने ठरवले. तिच्या भाचीच्या साखरपुड्यात काढलेला आईचा एक फोटो मोबाइलमध्ये होता. तोच घ्यायचा होता. प्रश्न एवढाच उरला की तो सुधारायचा कशात?

इथे ग्रंथपालबाईंचा स्वभाव आडवा आला. तिने घरच्या संगणकावर पाच सॉफ्टवेअर उतरवली आणि मोबाइलवर चार ॲप. एकात बोट टेकवले की सुरकुत्या नाहीशा होत. दुसऱ्यात मागचा मांडव काढून तिथे बगीचा लावता येई. तिसरे बंद ओठ हसरे करून देई. चौथ्यात इतकी बटणे होती की विमान चालवायला बसल्यासारखे वाटे. ज्याच्यात रंग चांगले, त्याच्यात डाग नीट जात नसत. ज्याच्यात डाग जात, ते फोटोवर स्वतःचे नाव छापून ठेवी. तिने रकाने आखून तक्ता केला, प्रत्येकाला दहापैकी गुण दिले, गुणांची बेरीज केली, बेरीज आवडली नाही म्हणून पुन्हा गुण दिले. दोन आठवडे हे चालले. एक ना धड, भाराभर चिंध्या. फोटो होता तसाच राहिला.

अखेर रविवारी ती तक्ता घेऊन मास्तरांकडे गेली.

"मास्तर, नऊ बघितलीत मी. यातलं कुठलं घेऊ, तेवढं सांगा."

मास्तरांनी तक्त्याची घडी न उघडताच तो चहाच्या कपाखाली ठेवला. "फोटो आणलास?"

तिने कागदावर छापून आणलेला फोटो पुढे केला. मास्तर उठले, आतून ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा घेऊन आले, तो त्यांनी फोटोवर पसरला आणि तिच्या हातात पेन्सिल दिली.

"जिथं जिथं दुरुस्ती करावीशी वाटते, तिथं वर्तुळ काढ."

शिष्येला हे सोपे वाटले. दोन आठवडे ती तेच तर पाहत होती. तिने भराभर वर्तुळे काढली. मास्तरांनी मोजली, एकोणीस भरली. मग त्यांनी फळीवरून एक खोडरबर काढून कागदावर ठेवले.

"आता हे आप्पांकडे घेऊन जा. जे आहे तसंच राहू दे असं त्यांना वाटतं, तिथलं वर्तुळ त्यांनी खोडायचं. तोवर संगणक उघडायचा नाही."

"पण मास्तर, ते फोटो बघतच नाहीत."

"वर कागद आहे ना," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कप उचलून तिचा तक्ता तिला परत दिला. त्यावर चहाचा गोल डाग उमटला होता. शिष्येला राग आला. सॉफ्टवेअरविषयी विचारायला आलेल्या माणसाला शाळेच्या दप्तरातले सामान देऊन घरी पाठवायचे, याला काय म्हणावे? पण गुरूंवरचा राग आजवर तिने घरी जाऊनच काढला होता. याही वेळी ती मुकाट्याने निघाली.

संध्याकाळी आप्पा खिडकीशी बसले होते. तिने टेबलावर फोटो ठेवला, वर ट्रेसिंग पेपर, शेजारी खोडरबर. आप्पांनी मान फिरवली.

"आप्पा, फोटो बघू नका. नुसती वर्तुळं बघा. मास्तरांनी सांगितलंय."

मास्तरांचे नाव काढल्यावर नाही म्हणणे आप्पांना अवघड गेले. त्यांनी चष्मा लावला. ट्रेसिंग पेपरखालून चेहरा पुसट, धुक्यातला दिसत होता. तेवढा त्यांना सोसवला असावा. ते वाकून पाहू लागले.

"हे काय केलंस इथं?"

"भिवई. अर्धीच आहे ना ती. भरून काढता येईल."

"स्टोव्हचा भडका उडाला तेव्हा जळली ती. तू पोटात होतीस. पोटावर दोन्ही हात धरले हिनं आणि तोंड तसंच राहिलं पुढं." आप्पांनी खोडरबर उचलले आणि ते वर्तुळ खोडले.

वैजयंतीला हे ठाऊक नव्हते. बेचाळीस वर्षे ती ती अर्धी भिवई पाहत आली होती.

"आणि हा दात?"

"कोपरा तुटलाय त्याचा, म्हणून..."

"तुटला नाही, झिजलाय. तीस वर्षं शिलाई केली. कात्री मांडीवर असायची, पण दोरा तोडायचा तो दातानं. मी सांगून थकलो." तेही वर्तुळ गेले.

"कुंकू जरा डावीकडे सरकलंय, आप्पा."

"आरशात बघून लावलंय कधी हिनं? चुलीवर दूध ठेवायचं आणि बोट कपाळाला लावायचं. मध्यभागी लागलं असतं तर मीच विचारलं असतं, आज काय विशेष." आप्पा किंचित हसले. वर्षभरात आईविषयी बोलताना ते पहिल्यांदाच हसले होते.

डोळ्यांखालचा काळेपणा तसाच राहिला, गळ्यावरची सुरकुती राहिली, भांगातले पांढरे केस राहिले. एकेका खुणेपाशी ते थांबत, कधी कारण सांगत, कधी नुसतेच खोडत. वैजयंतीला लाज वाटली. आपण आईला सुधारायला निघालो होतो, आणि काय काय सुधारणार होतो ते आपल्यालाच माहीत नव्हते, हे तिला कळून चुकले. मधेच केव्हातरी आप्पांनी ट्रेसिंग पेपर एका कोपऱ्याने उचलला आणि खालचा चेहरा पाहिला. नंतर तो कागद पुन्हा खाली ठेवायला ते विसरले.

एकोणीसपैकी तीन वर्तुळे उरली. आईच्या खांद्यामागे कोणाचे तरी कोपर आले होते, ते एक. मांडवातल्या दिव्यांचा जांभळट उजेड गालावर पडला होता, ते दुसरे. आणि तिसरे कडेला होते, कारण फोटोच मुळी तिरका होता.

"हे काढ," आप्पा म्हणाले. "हे तिचं नाही."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी तीन वर्तुळे पाहिली आणि मान डोलावली.

"आता तुझा तक्ता काढ. ह्या तीन गोष्टी नऊपैकी कशाकशात होतात?"

तिने पाहिले. "सगळ्यांत होतात, मास्तर."

"मग गुण कशाला दिलेस?"

तिने तक्त्याची घडी घातली. मग मास्तर जे बोलले ते त्यांनी पूर्वी कोणा शिष्याला सांगितलेले नव्हते.

"मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक बाई मुलाचा फोटो मोठा करायला आली. मुलगा गेला होता. त्याच्या हनुवटीवर पडल्याची खूण होती, पांढरी, तांदळाएवढी. डाग दिसला की काढायचा, ही हाताची सवय. मी पातं घेतलं आणि निगेटिव्हवर ती खूण खरवडून टाकली. फोटो सुरेख झाला. मालकांनी शाबासकी दिली. बाई फोटो घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. म्हणाली, खूण परत घाला. खरवडलेलं परत कसं घालणार? कागदावर रंगानं काढून दिली, तर म्हणाली, ही त्याची नव्हे. वर्षभर येत होती. भांडली नाही कधी. फक्त विचारायची, जमलं का?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"माझ्या हातात तेव्हा गावातलं सगळ्यात उत्तम पातं होतं, वैजयंती. पात्याचा दोष नव्हता. काय राखायचं हे ज्याला ठाऊक होतं, त्याला मी विचारलंच नाही. तू नऊ हत्यारं तपासलीस आणि प्रत्येकाला विचारलंस, तुला काय काय काढता येतं? आता उलटं विचार. मूळ फोटोला हात न लावता वेगळी प्रत करून देतं का? केलेली एकेक दुरुस्ती उद्या मागं घेता येते का? न सांगता स्वतःच्या मनानं काही करत नाही ना? आणि तुझ्या घरच्या संगणकावर निमूट चालतं का? एवढं ज्याला जमतं, ते घे. बाकीची वाईट नाहीत. ती दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची आहेत."

वैजयंतीने तक्ता पुन्हा वाचला. मोबाइलमधली चारही ॲप फोटो उघडताक्षणीच चेहरा उजळ करू लागत. तो गुण मानून तिने त्यांना वरचे आकडे दिले होते. ती गेली. बगीचे लावणारे गेले, हसू आणणारे गेले, स्वतःचे नाव छापणारे गेले. विमानासारख्या बटणांचे तिच्या जुन्या संगणकावर दर दहा मिनिटांनी अडत होते, तेही गेले. उरले ते एक साधे सॉफ्टवेअर. त्यात कापणे, सरळ करणे, उजेड-रंग बदलणे आणि छोट्या ब्रशने पुसणे, एवढीच कामे होती. 'करमणूक नाही' असा शेरा मारून तिने त्याला दहापैकी तीन गुण दिले होते.

"आणि मोबाइलचं?" तिने विचारले.

"त्यातला कॅमेरासुद्धा माणसाला न विचारता गोरं करतो हल्ली. ती सोय आधी बंद करून टाक. आप्पांचे फोटो काढशील ना आता?"

तिने तिथेच मोबाइल काढला आणि ती सोय बंद केली.

कोपर काढायला तिला तीन संध्याकाळी लागल्या. मागच्या पडद्याची प्रत्येक चुणी जुळवावी लागली. जांभळा उजेड उतरवताना आईचा रंग सावळाच राहावा म्हणून तिने चार वेळा केलेले मागे घेतले. मूळ फोटो बाजूला सुरक्षित होता, त्यामुळे हात धीट राहिला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी आईची धाकटी बहीण परगावाहून आली. चपला काढता काढता तिची नजर भिंतीकडे गेली आणि ती तिथेच थबकली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि पुष्कळ रडली. रडू ओसरल्यावर डोळे पुसून तिने पुन्हा नीट पाहिले.

"वैजू, हा फोटो तू केलास म्हणाली होतीस ना फोनवर? पण यात तर काहीच केलेलं दिसत नाही गं."

वैजयंती उत्तर देणार होती. तीन संध्याकाळींचा हिशेब तिच्या ओठांवर आला होता. पण आप्पा खुर्चीतून उठले, भिंतीपाशी गेले, पंच्याच्या टोकाने त्यांनी काच हलकेच पुसली आणि मेहुणीला म्हणाले, "तिला काय करायचंय? ती आहे तशी ठीक आहे."

आपल्या कामाला दहापैकी किती गुण मिळाले ते वैजयंतीला समजले होते, आणि ते कोणाला सांगावेसे तिला वाटले नाही.

आपल्यापुढेही रोज नवी हत्यारे येतात. कोणते उचलावे असा प्रश्न पडला, तर आधी ज्याचे राखायचे आहे त्याच्या हाती एकदा खोडरबर द्यावे.