लिंका वेगळ्या काढल्यावर

वाईला कुमुदताई एकट्या राहत. नवरा गेल्यापासून बोलायला घरात काय तो मोबाइल. मुलगा श्रीरंग परदेशात मोठा साहेब. तो चुलत बहिणीच्या लग्नाला आला आणि भर पंगतीत मिरवू लागला, "आईशी बोलल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. विचारा तिला."

कुमुदताई जिलबी वाढत होत्या. म्हणाल्या, "खरंय. रोज बातम्यांच्या, व्हिडिओंच्या लिंका पाठवतो. मजकुरातून लिंका वेगळ्या काढणारी वेबसाइटही यानंच पाठवलेली. परवा तिच्यात आमचं वर्षभराचं बोलणं टाकलं. सगळ्या लिंका बाजूला निघाल्या."

"मग उरलं काय?" श्रीरंगनं हसत विचारलं.

"माझं 'जेवलास का?' तेवढं उरलं रे," म्हणत त्या पुढच्या पानाकडे वळल्या.