राणीच्या झोपेचं कारंजं

राजा होता एक, खडकपूरचा. त्याने राणी आणली नदीकाठची, सगुणा तिचं नाव. आणि झाली की पंचाईत! खडकपूर डोंगरावर. नदी नाही, ओढा नाही. राणीला लहानपणापासून पाण्याच्या आवाजात झोपायची सवय. बिचारी रात्रभर आढ्याकडे बघत पडायची.

मग राजाने काय केलं? भर चौकात दगडी कमळाचं कारंजं बांधलं, बरं का. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उंच हौदात साठवलं, तिथून खापरी नळांनी खाली आणलं. पाकळीपाकळीतून पाणी उडालं. राणी झोपली. गावातली तान्ही बाळंही झोपली. लांबलांबचे लोक कारंजं बघायला येऊ लागले.

बायका म्हणाल्या, "राणीसाहेबांच्या पाठोपाठ गंगाच आली की गावात! तिची ओटी भरायला हवी." मग एकेकीने ओंजळ ओंजळ तांदूळ हौदात सोडले. आणि कारंजं बंद!

राणीची झोप उडाली. जेवण जाईना. आता ही माहेरी जाते की काय, म्हणून राजाचा जीव टांगणीला लागला.

मग आला पैलवान. तोटीला तोंड लावून त्याने असं फुंकलं, असं फुंकलं, की गालांचे भोपळे झाले. निघाला एक बुडबुडा. मग आले वैद्यबुवा. त्यांनी हौदात ओतलं एरंडेल! हसू नका रे. कारंज्याने दिली मोठ्ठी ढेकर, आणि बाहेर पडले मूठभर फुगलेले तांदूळ. बाकीचे नळांतच अडकलेले, पाणी काही येईना.

"अगं बाई, हे तर आपलेच!" बायकांनी कपाळावर हात मारला.

राजा संतापला. "एकेकीला गावाबाहेर काढतो!"

"नका हो," राणी म्हणाली. "मायेनं भरलीय त्यांनी ओटी. मी आले तेव्हा माझीही अशीच भरली होती."

मग ती कारंज्याच्या कट्ट्यावर बसली. कडेने दगडी बदकं कोरलेली होती. त्यांना म्हणाली, "या गं बायांनो, एवढं जेवून जा."

आणि काय सांगू! बदकांनी माना हलवल्या. एवढीएवढीशी होऊन ती नळांत शिरली, तांदूळ मटकावले आणि आपापल्या जागी येऊन बसली. पोटं तेवढी सुटली होती.

पाणी उडालं. राणी भर दुपारी तिथेच कट्ट्यावर गाढ झोपली. राजाने जोडे काढून हातात घेतले, नगारेवाल्याला गप्प केलं. ज्या बायकांना तो हाकलणार होता, त्यांनीच राणीच्या तोंडावर पदराची सावली धरली. राजा त्यांच्याशेजारी उभा राहिला आणि ओशाळून हसला.

मग सगळे सुखात राहिले. राणी झोपली, बाळं झोपली. आता तुम्ही कशाला जागे? मिटा बघू डोळे.